मुंबईचं टाइमटेबल नांदेडला का चालत नाही? रमजानच्या घड्याळाची साधी-सोपी गोष्ट

रमजान जवळ आला की मोबाईलवर एक फोटो फिरायला लागतो. हिरवी पट्टी, कोपऱ्यात चंद्रकोर आणि खाली तीस ओळींचं टाइमटेबल. एका रकान्यात सहरी संपायची वेळ, दुसऱ्यात इफ्तारची. कुणीतरी तो फॅमिली ग्रुपवर टाकतं, तिथून तो गल्लीच्या ग्रुपवर जातो, तिथून हॉस्टेलच्या. तळाला बारीक अक्षरात 'मुंबई व उपनगरांसाठी' असं लिहिलेलं असतं. पण ते झूम करून वाचतो कोण?

आता समजा, नांदेडच्या देगलूर नाक्यावर राहणाऱ्या एखाद्या पोराने त्याच फोटोवर भरवसा ठेवून रोजा धरला. दिवसभर तो उपाशी राहील, पाण्याचा थेंबही घेणार नाही. पण नियमाने बघायला गेलं तर त्याचा रोजा पहाटेच हुकलेला असेल. कारण तो सहरीचा शेवटचा घास घेत होता, तेव्हा नांदेडात पहाट सुरू होऊन सतरा-अठरा मिनिटं झाली होती.

हे असं का होतं? आणि नोकरी, परीक्षा, प्रवास, शुगरच्या गोळ्या या सगळ्यात हा महिना बसवायचा कसा? एकेक करून बघू.

आधी बेसिक: रोजा म्हणजे नेमकं काय?

एकादशीच्या उपवासाला साबुदाणा चालतो, भगर चालते, चहा तर चालतोच. रोज्यात यातलं काहीच नाही. पहाट सुरू झाल्यापासून सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, बिडी-सिगारेट नाही. जवळचं उदाहरण द्यायचं तर निर्जळी एकादशी. फरक असा की रोजा संध्याकाळी सुटतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धरायचा असतो. असे २९ किंवा ३० दिवस.

पहाटेआधी जे खातात ती सहरी. सूर्यास्ताला ज्याने रोजा सोडतात तो इफ्तार. रात्री इशाच्या नमाजानंतर तरावीहची लांब नमाज असते आणि अनेक मशिदींत महिनाभरात त्यातून पूर्ण कुराण ऐकवलं जातं.

म्हणजे या महिन्यात दोन गोष्टी वेळ ठरवतात. महिना कधी सुरू होणार आणि संपणार हे चंद्र ठरवतो. रोजचा उपवास कधी सुरू होणार आणि सुटणार हे सूर्य ठरवतो. आणि या दोघांशी काही देणंघेणं नसलेलं तिसरं घड्याळ म्हणजे शाळेचं, ऑफिसचं, मोंढ्याचं. सगळी कसरत होते ती या तिघांना जुळवताना.

अठरा मिनिटांचा हिशोब

भारतात घड्याळ एकच आहे, पण सूर्य सगळीकडे एकाच वेळी उगवत नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला ४ मिनिटं लागतात. मुंबई साधारण ७२.९ रेखांशावर आहे, नांदेड ७७.३ वर. मधलं अंतर जवळपास साडेचार अंशांचं. चारने गुणलं की आले सतरा-अठरा मिनिटं.

गंमत म्हणजे मुंबई आणि नांदेड जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. त्यामुळे हा फरक उन्हाळा असो की हिवाळा, साधारण तेवढाच राहतो. नांदेडात पहाट आधी होते आणि सूर्यही आधी मावळतो. म्हणून मुंबईच्या वेळेने चालणाऱ्याची सहरी उशिरापर्यंत चालते, आणि संध्याकाळी तो विनाकारण अठरा मिनिटं जास्त उपाशी बसतो.

मग हैदराबादचं टाइमटेबल घेतलं तर? नांदेडचं हैदराबादशी जाणं-येणं जुनं. १९४८ पर्यंत सगळा मराठवाडाच हैदराबाद संस्थानात होता. पण तिथे चूक उलट्या बाजूने होते. हैदराबाद नांदेडच्या आणखी पूर्वेला आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथला सूर्य दोन ते पाच मिनिटं आधी मावळतो. त्या वेळेला नांदेडात कुणी खजूर तोंडात टाकला, तर आकाशात सूर्य अजून शिल्लक असतो.

म्हणजे मुंबईचं टाइमटेबल सहरीला फसवतं आणि हैदराबादचं इफ्तारला. असं चुकून झालं तर बहुतेक उलेमांच्या मते तो एक रोजा रमजाननंतर पुन्हा धरावा लागतो.

लातूर आणि नांदेडच्या वेळेतही ऋतूप्रमाणे दोन ते चार मिनिटांचा फरक पडतो. इतकंच काय, लातूर जिल्ह्यातच उदगीर हे लातूर शहरापेक्षा पूर्वेला आहे आणि तिथला सूर्य साधारण दोन मिनिटं आधी मावळतो. म्हणूनच गावोगावच्या मशिदी स्वतःचा तक्ता छापतात आणि त्यात सावधगिरी म्हणून दोन-चार मिनिटं इकडे-तिकडे धरतात. याला 'एहतियात' म्हणतात.

ॲपवर बघतोय, मग तर बरोबरच ना?

बरोबर असू शकतं. पण दोन गोष्टी तपासा.

पहिली, लोकेशन. फोनचं लोकेशन बंद असेल, तर काही ॲप आधी निवडलेल्या शहराच्याच वेळा दाखवत राहतात. सुट्टीत पुण्याहून लातूरला आलेल्या पोराच्या फोनमध्ये पुणेच राहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. पहाट 'सुरू झाली' हे ठरवायचं कसं? सूर्य क्षितिजाच्या खाली किती अंशांवर आला की पहाट धरायची, यावर वेगवेगळी गणितं आहेत. भारतीय उपखंडात चालणारी, ॲपमध्ये 'कराची' नावाने दिसणारी पद्धत १८ अंश धरते. उत्तर अमेरिकेतली 'इस्ना' ही पद्धत १५ अंश धरते. नांदेडसारख्या ठिकाणी या तीन अंशांमुळे पहाटेच्या वेळेत बारा-तेरा मिनिटांचा फरक पडतो. एकाच घरातल्या दोन भावांच्या फोनवर सहरीच्या दोन वेळा दिसतात, त्याचं कारण बहुतेकदा हेच. इफ्तारला हा घोळ होत नाही, कारण सूर्यास्त सगळ्यांसाठी एकच.

आणखी एक गैरसमज. 'अजान होईपर्यंत खाता येतं' असं अनेकजण मानतात. पण सहरी संपते ती पहाटेची वेळ सुरू झाली की. अजान काही ठिकाणी त्यानंतर काही मिनिटांनी होते. तेव्हा कान अजानकडे नाही, नजर घड्याळाकडे हवी.

फोनचं महत्त्व वाढलं त्यामागे कायद्याचंही एक कारण आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरवर बंदी आहे. सहरीची वेळ नेमकी त्यातच येते. पूर्वी गल्लीतून हाका मारत फिरणारे फकीर लोकांना उठवायचे, नंतर भोंगा आला, आता उशाशी ठेवलेल्या मोबाईलचा अलार्म आहे.

रोजा नांदेडला धरला आणि संध्याकाळ गाडीत झाली तर?

नियम सोपा आहे: संध्याकाळी तुम्ही जिथे असाल, तिथला सूर्यास्त. सकाळी नांदेडहून तपोवन एक्सप्रेसने मुंबईला निघालात, तर सूर्य मावळताना गाडी मनमाड-नाशिकच्या पट्ट्यात असते. तुम्ही सूर्याच्याच दिशेने प्रवास करताय, त्यामुळे त्या दिवशीचा रोजा दहा-पंधरा मिनिटांनी लांबतो. घरच्यांनी नांदेडात इफ्तार करून 'झाला का?' म्हणून फोन केला, तरी तुम्ही थांबायचं.

अर्थात लांबच्या प्रवासात रोजा न धरण्याची सवलत कुराणातच दिलेली आहे. तेवढे रोजे नंतर भरून काढायचे.

रमजान दरवर्षी वेगळ्या वेळी का येतो?

२०२२ मध्ये पहिला रोजा ३ एप्रिलला होता. २०२३ मध्ये २४ मार्चला, २०२४ मध्ये १२ मार्चला आणि २०२५ मध्ये २ मार्चला. दरवर्षी दहा ते बारा दिवस अलीकडे.

कारण चंद्राच्या बारा महिन्यांचं वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं आणि सूर्याचं ३६५ दिवसांचं. हा फरक मराठी पंचांगातही पडतोच, कारण तिथेही महिने चंद्राचे आहेत. पण पंचांगात दर अडीच-पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालून हिशोब जुळवतात. आपण त्याला धोंड्याचा महिना म्हणतो. २०२३ मध्ये श्रावण दोनदा आला तो यामुळेच. म्हणून दिवाळी कधी उन्हाळ्यात जात नाही. हिजरी कॅलेंडरमध्ये अधिक महिना नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि साधारण ३३ वर्षांनी जागेवर येतो.

याचा त्रास राज्यकर्त्यांनाही झाला होता. शेतसारा पिकावर ठरतो आणि पीक सूर्यावर. हिजरी तारखेला सारा मागायचा तर कधी पीक हातात आलेलं असेल, कधी पेरणीही झालेली नसेल. म्हणून मुघल काळात 'फसली' सन आला, फसल म्हणजे पीक. पुढे निजामाच्या हैदराबाद संस्थानातही सरकारी कारभाराला फसली सन चालत असे. मराठवाड्यातल्या जुन्या महसुली कागदांवर आजही तो सापडतो. म्हणजे धर्माचं कॅलेंडर एक आणि कामाचं दुसरं, ही सवय इथे जुनीच आहे.

ऋतू बदलला की रोज्याची लांबीही बदलते. नांदेडात डिसेंबरच्या अखेरीस रोजा सुमारे सव्वाबारा तासांचा असतो, जूनच्या अखेरीस साडेचौदा तासांहून थोडा जास्त. पण तासांपेक्षा मोठा प्रश्न उन्हाचा असतो.

लातूर, २०१६: रमजान आणि पाण्याची रेल्वे

मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून लातुरात १४४ कलम लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली: १० वाघिणी, ५ लाख लिटर. ही गाडी 'जलदूत' म्हणून देशभर गाजली. ७ जूनला पहिला रोजा आला, तेव्हाही शहर या गाड्यांवर होतं.

दिवसा पाणी प्यायचं नाही, मग टंचाईचा रोज्याशी काय संबंध, असं वाटू शकतं. पण साडेचौदा तासांची तहान भागवायची ती रात्रीच्या नऊ-साडेनऊ तासांत. शिवाय दिवसातून पाच वेळा नमाजाआधी वजू करायचं, म्हणजे हात, तोंड, पाय धुवायचे. घरातल्या भांड्यातलं पाणी प्यायला ठेवायचं की वजूला?

याचंही उत्तर धर्मातच आहे. पैगंबर एका 'मुद्द' पाण्यात वजू करत, अशी नोंद हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे पाऊण लिटरहूनही कमी. नळ सोडून वजू केलं तर त्याच्या कितीतरी पट पाणी जातं. आणि पाणी नसेलच, तर स्वच्छ मातीवर हात टेकवून 'तयम्मुम' करता येतं.

सध्या रमजान हिवाळ्याकडे सरकतोय. २०३० मध्ये तर तो दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. मे-जूनचे रोजे परत येतील ते २०५० च्या आसपास. २०१६ साली ज्या पोराने लातुरात पहिला रोजा धरला, तो तेव्हा चाळिशी ओलांडलेला असेल. मांजरात तेव्हा पाणी असेल की नाही, हे मात्र कुठल्याच कॅलेंडरमध्ये लिहिलेलं नाही.

परीक्षा, क्लास आणि मोंढा

२०२५ मध्ये रमजान २ मार्चला सुरू झाला आणि दहावी-बारावीच्या परीक्षा मार्चच्या मध्यापर्यंत चालू होत्या. सकाळी ११ ला पेपर, वर रोजा.

लातूर आणि नांदेड म्हणजे मराठवाड्यातल्या क्लासची शहरं. बाहेरगावची पोरं-पोरी खोली करून राहतात, मेसवर जेवतात. पहाटे साडेचारला मेस उघडी नसते. मग रात्रीच डबा भरून ठेवायचा, नाहीतर दूध-केळी-खजुरावर सहरी उरकायची.

इथे बहुतेकांना वाटतं की भुकेमुळे अभ्यास होत नाही. पण अनेकदा खरा प्रश्न झोपेचा असतो. तरावीह आटोपून घरी यायला दहा वाजतात, मग थोडं खाणं, मोबाईल, आणि साडेचारला उठणं. झोप होते जेमतेम पाच तास. यावर उपाय साधे आहेत: रात्रीचा मोबाईल बंद, सहरीनंतरची ताजी वेळ अवघड विषयाला आणि दुपारी अर्धा तास डुलकी.

सहरीला काय खायचं, याचं उत्तर आपल्याच चुलीवर आहे. ज्वारीची भाकरी हळूहळू पचते, सोबत वरण, दही किंवा अंडं. लोणचं, पापड, फरसाण यांनी तहान वाढते. नुसता चहा-बिस्किट खाल्लं तर अकराच्या आत पोटात कावळे ओरडतात.

मोंढ्यात पोती उचलणारा हमाल, बांधकामावरचा मिस्त्री, उन्हात गाडा लावणारा यांचं गणित आणखी वेगळं. घामातून पाणी जातं आणि भरून काढता येत नाही. जमेल तिथे ते जड काम पहाटे-सकाळी उरकतात. पण रोजंदारीवरच्या माणसाला वेळ निवडता येतेच असं नाही. मुकादमाने किंवा मालकाने दोन तास अलीकडे काम सुरू केलं, तर फार मोठी मदत होते.

कुणाला सूट आहे? आणि रोजा कधी सोडायचा?

आजारी, प्रवासी, मासिक पाळी सुरू असलेल्या बायका, स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असलेल्या गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, फार म्हातारी माणसं यांना सूट आहे. लहान मुलांवर रोजा फर्जच नाही. ज्यांना नंतर जमेल त्यांनी तेवढे रोजे नंतर धरायचे, याला कजा म्हणतात. ज्यांना कधीच जमणार नाही, त्यांनी प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवण द्यायचं, तो फिदिया.

अनेकजण 'रोजा मोडला तर साठ रोजे धरावे लागतील' या भीतीने चक्कर आली तरी पाणी घेत नाहीत. ही भीती चुकीच्या जागी आहे. साठ रोज्यांचा कफ्फारा कारण नसताना जाणूनबुजून मोडलेल्या रोज्यासाठी असतो. तब्येतीमुळे सोडलेल्या एका रोज्याचा बदला एकच रोजा. जीवाला धोका असेल तर रोजा सोडणं ही नुसती सवलत नाही, ते गरजेचं मानलं जातं.

उन्हात काम करताना गरगरायला लागलं, अंग तापलं, बोलणं अडखळायला लागलं, तर सावलीत आणा, अंग ओलं करा, शुद्धीवर असेल तर पाणी द्या आणि दवाखाना गाठा.

शुगरवाल्यांनी काय करायचं?

डायबेटीस आहे म्हणजे रोजा नाहीच, असं नाही. पण डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. हे विचारणं रमजानच्या महिना-दीड महिना आधी झालं पाहिजे, कारण गोळ्या आणि इन्सुलिनच्या वेळा बदलाव्या लागतात. टाइप वन डायबेटीस, वारंवार शुगर उतरणं, किडनीचा आजार यांत धोका जास्त असतो.

एक आकडा लक्षात ठेवा. रोज्यात शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडायचा, इफ्तारला दहा मिनिटं उरली असली तरी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही शुगर उतरल्याची लक्षणं आहेत. आणि बोटाला टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा मानतात. त्यामुळे 'रोजा तुटेल म्हणून तपासलंच नाही' असं व्हायला नको.

ईदची सुट्टी नेमकी कधी?

दरवर्षी हा प्रश्न ऑफिसच्या ग्रुपवर येतो. उत्तर २९ व्या रोज्याच्या संध्याकाळी मिळतं. चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर तिसावा रोजा आणि परवा ईद. नवा चंद्र अगदी बारीक असतो आणि सूर्यामागोमाग थोड्याच वेळात मावळतो. आपल्याकडे संध्याकाळ होते तेव्हा तो फारच कोवळा असेल तर दिसत नाही. अडीच तासांनी सौदी अरेबियात संध्याकाळ होते, तोवर तो थोडा वाढलेला असतो. शिवाय तिथला निर्णय तिथल्या पद्धतीने होतो. म्हणून सौदीची ईद बऱ्याचदा एक दिवस आधी येते. कॅलेंडरवर छापलेली तारीख हा अंदाज असतो.

शेवटी, फॉरवर्ड करण्याआधी

टाइमटेबल पुढे पाठवताना शहराचं नाव बघा. आपल्या गावचं नसेल, तर मशिदीबाहेर लावलेल्या तक्त्याचा फोटो काढून तो टाका.

आणि तुम्ही स्वतः रोजा धरत नसाल, पण शेजारच्या टेबलवरचा मित्र धरत असेल, तर त्याच्यापासून डबा लपवून खायची गरज नाही. फक्त रमजानच्या दिवसांत संध्याकाळची मीटिंग लावताना एकदा त्याला विचारा, 'आज सूर्य किती वाजता मावळतोय?' त्याला मिनिटासकट माहीत असेल.